पाच डॉलरची गोधडी

अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात अथेन्स नावाचं गाव आहे. १८९१ च्या सुमारास तिथल्या एका गोऱ्या बाईकडे हॅरिएट पॉवर्स नावाच्या कृष्णवर्णीय बाई बैलगाडीतून आल्या. मांडीवर स्वच्छ गोणपाटात गुंडाळलेली गोधडी होती. ज्यांच्याकडे त्या आल्या त्या जेनी स्मिथ, मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या. त्यांनी ही गोधडी १८८६ साली कापसाच्या जत्रेत पाहिली होती, पत्ता काढून ती विकत मागितली होती, आणि तेव्हा हॅरिएटबाईंनी कितीही पैसे दिलेत तरी देणार नाही म्हणून सांगितलं होतं. पुढे दिवस फिरले. आता हॅरिएटबाईंनी दहा डॉलर मागितले आणि स्मिथबाईंनी पाच देऊ केले. हॅरिएटबाई बाहेर जाऊन नवऱ्याशी बोलल्या आणि परत येऊन म्हणाल्या, दिवस फार कठीण आलेत, घेऊन टाक म्हणतायत. गोधडी गेली. हा सगळा प्रसंग आपल्यापर्यंत पोचला तो स्मिथबाईंनी लिहून ठेवल्यामुळे, म्हणजे घेणाऱ्याच्या लेखणीतून.

पाच डॉलरचा आकडा वाचून चीड येते, आणि ती यायलाच हवी. पण मला त्या प्रसंगातलं पुढचं काही स्वस्थ बसू देत नाही. पैसे घेतल्यावर हॅरिएटबाई लगेच निघून गेल्या नाहीत. गोधडीवरच्या अकरा चौकोनांपैकी प्रत्येकात काय आहे, कोण कोण आहे, ते त्यांनी एकेक करून सांगितलं आणि स्मिथबाईंनी ते उतरवून घेतलं. नंतरही त्या कितीदा तरी फक्त गोधडी बघायला त्या घरी आल्या. त्यांच्या डोक्यातून जन्मलेलं लाडकं लेकरू, असं स्मिथबाईंनी गोधडीबद्दल लिहून ठेवलं आहे. १८३७ साली गुलामीत जन्मलेली बाई, जिच्या स्वतःच्या देहावर तरुणपणी दुसऱ्याची मालकी होती, ती आपल्या हातचं कापड नाइलाजानं विकते, पण त्याचा अर्थ घेणाऱ्याच्या मर्जीवर सोडून देत नाही. समोर बसून सांगते, लिहायला लावते. कृष्णवर्णीय बायकांच्या शिवणकामाबद्दल विचार करताना मी पुन्हा पुन्हा या बैठकीपाशी येऊन थांबते.

कारण सांगितलं नसतं तर कळलंच नसतं. आज ही गोधडी वॉशिंग्टनला स्मिथसोनियनच्या राष्ट्रीय इतिहास संग्रहालयात आहे. साधारण सव्वासहा फूट बाय साडेसात फूट. आदम आणि हव्वा, काइनानं केलेला हाबेलचा खून, याकोबाचं स्वप्न, ख्रिस्ताचा बाप्तिस्मा, शेवटचं जेवण, क्रूस. बायबल माहीत असलेल्या माणसाला हे प्रसंग ओळखू येतील. पण यहूदाच्या चौकोनात चांदीच्या तीस नाण्यांजवळ जी मोठी गोल चकती आहे ती काय? हॅरिएटबाई सांगतात, हा १८८६ साली तीनशे वर्षांनी पहिल्यांदा दिसलेला तारा. म्हणजे ज्या वर्षी गोधडी जत्रेत मांडली, त्या वर्षीचं आकाश त्यांनी विश्वासघाताच्या प्रसंगात शिवून टाकलं. शेवटच्या जेवणाच्या चौकोनात यहूदाचे कपडे मळकट रंगाचे आहेत, कारण त्याची वागणूकच जरा मळकट होती, असं त्यांचं स्पष्टीकरण. कापडाचा रंग निवडताना त्या माणसाच्या चारित्र्याचा विचार करत होत्या. हे नुसतं बघून कुणाला सुचलं असतं?

हे काम कसं होतं ते नीट समजून घ्यायला हवं, कारण आकृत्यांचं साधेपण हे भोळेपण आहे असा अनेकांचा समज होतो. अॅप्लिके म्हणजे एका कापडावर दुसऱ्या कापडाचे आकार कापून लावणं. आकार कापताना चारी बाजूंनी पाव इंच माया ठेवायची आणि ती आत दुमडून टाके घालायचे. आतल्या वळणावर, म्हणजे काखेत किंवा दोन पायांच्या मधल्या खाचेत, मायेला बारीक काप दिल्याशिवाय कापड दुमडत नाही; काप दुमडीच्या रेषेपर्यंत गेला तर तिथूनच धागे सुटायला लागतात आणि दोन धुण्यांत आकृतीचा हात खांद्यापासून निघतो. बाहेरच्या वळणावर उलटं होतं, माया जास्त पडते आणि कडा टोचऱ्या, खाचेखाचेच्या दिसतात. तिथं मायेतून छोटे त्रिकोण काढून टाकावे लागतात. अर्ध्या इंचाहून अरुंद पट्टी दोन्हीकडून दुमडली की मध्ये काही उरतच नाही. म्हणून हॅरिएटबाईंची माणसं जाड हातापायांची आहेत, हात अंगापासून सुटे आहेत, बोटं नाहीत, चेहऱ्यात तपशील नाही. कापडाची मर्यादा ओळखून काढलेलं ते रेखाटन आहे. त्यांनी हातशिलाई आणि मशिन दोन्ही वापरलं. मशिनवर अशा आकृतीच्या कडेनं जायचं तर दर कोपऱ्यावर सुई कापडात रुतलेली ठेवून कापड दाबून धरणारा मशिनचा पाय उचलायचा, कापड फिरवायचं, पाय खाली करायचा. घाई केली की शिवण कडेवरून घसरते. खालचं कापड ताणून धरलं नसेल तर आकृतीभोवती चुण्या पडतात आणि त्या नंतर इस्त्रीनंही जात नाहीत.

या आकृत्या पश्चिम आफ्रिकेतल्या जुन्या दाहोमी राज्यातल्या, आजच्या बेनिनमधल्या आबोमीच्या राजपताकांशी जुळतात, हे अभ्यासकांनी फार पूर्वी दाखवलं आहे. सपाट, ठसठशीत, एकरंगी प्राणी आणि माणसं, कापून लावलेली. साम्य डोळ्यांत भरतं. पण आबोमीत हे काम दरबारी कारागीर करत आणि ते पुरुष असत. त्यामुळे आजीकडून नातीकडे सरळ उतरलेली कला असं चित्र रंगवताना मी थबकते. आठवणीत राहिलेले आकार कोणत्या वाटेनं जॉर्जियातल्या शेतावर पोचले असतील ते असोत. सुई कुणाच्या हातात होती आणि तिनं त्यात काय घातलं, हे मला जास्त मोलाचं वाटतं.

दुसरी गोधडी १८९८ ची, पंधरा चौकोनांची. ती अटलांटा विद्यापीठातल्या प्राध्यापकांच्या बायकांनी एका धर्मगुरूला भेट देण्यासाठी घेतली, आणि आता ती बोस्टनच्या ललितकला संग्रहालयात आहे. हिच्यात बायबलच्या शेजारी आकाश आलं आहे, आणि आकाशाच्या शेजारी गावातली माणसं. १७८० सालचा अंधारलेला दिवस. १३ नोव्हेंबर १८३३ ची उल्कावर्षावाची रात्र, जेव्हा लोकांना वाटलं की जगाचा शेवट आला, आणि हॅरिएटबाईंच्या शब्दांत, देवाच्या हातानं तारे थोपवले. ही रात्र त्यांच्या जन्माच्या चार वर्षं आधीची. म्हणजे ती ऐकलेली रात्र आहे, गुलामांच्या वस्तीत मोठ्यांच्या तोंडून आलेली. तारखा माहीत नसलेली कितीतरी माणसं त्या काळी आपलं वय 'तारे पडले तेव्हा मी एवढा होतो' असं सांगत. आणि १८९५ च्या फेब्रुवारीतला तो थंडीचा गुरुवार: प्रार्थना करताकरता गोठलेली बाई, फाटकाशी गोठलेली बाई, पिठाच्या पोत्यासकट गोठलेला माणूस, दारूच्या बुधल्याशी गोठलेला माणूस, खेचराच्या श्वासाचे झालेले बर्फाचे लोलक. प्रार्थना करणारी वाचली आणि दारुडा मेला असा सोपा हिशोब त्यांनी मांडलेला नाही. सगळे एकाच चौकोनात, एकाच थंडीत आहेत. याच गोधडीत बेट्स नावाची एक डुकरीण आहे. ती जॉर्जियातून व्हर्जिनियापर्यंत पाचशे मैल पळाली, आणि तिला हॅरिएटबाईंनी विशेषण लावलं आहे 'स्वतंत्र'. ज्या बाईच्या समाजात पळून जाणं हा कधीकाळी सगळ्यात मोठा गुन्हा होता, तिनं धर्मग्रंथातल्या प्रसंगांच्या पंगतीत एका पळालेल्या जनावराला मानानं बसवावं, यात मला तिची सगळी श्रद्धा दिसते.

न विचारता अर्थ लावणाऱ्यांनी मात्र या बायकांवर फार अन्याय केला आहे.

गेल्या पंचवीस वर्षांत एक गोष्ट इतकी पसरली की ती शाळांतून शिकवली जाऊ लागली: गुलामीतून पळणाऱ्यांना वाट दाखवण्यासाठी गोधड्यांवर गुप्त खुणा शिवलेल्या असत, कुंपणावर टाकलेली अमुक नक्षी म्हणजे 'सामान बांधा', तमुक म्हणजे 'वाकडी वाट धरा'. ऐकायला सुंदर. पण त्या काळातल्या एकाही पळालेल्या माणसाच्या आत्मकथनात याचा उल्लेख नाही, आणि त्यातल्या काही नक्षींची नावं तर नंतरच्या काळातली आहेत. मला या गोष्टीचा राग येतो तो पुराव्यापेक्षा वेगळ्या कारणासाठी. गोधडीत काहीतरी गुप्त असल्याशिवाय ती महत्त्वाची वाटत नाही का? थंडीपासून वाचवणं, मेलेल्याची आठवण ठेवणं, डोळ्यांना बरं वाटेल असं काही घरात असणं, एवढं पुरेसं नाही? ज्यांच्याकडे खरी माहिती होती त्यांनी ती सांगितली आहे, आणि ती कुठल्याही गुप्त खुणेइतकी विलक्षण आहे.

अलाबामा राज्यात अलाबामा नदीच्या एका मोठ्या वळणात गीज बेंड नावाची वस्ती आहे. तीन बाजूंनी पाणी. १८१६ च्या सुमारास जोसेफ गी नावाच्या मळेवाल्यानं ती वसवली, १८४५ साली ती मार्क पेटवे याच्याकडे गेली. त्यानं नॉर्थ कॅरोलायनाहून आपल्या गुलामांना तिथवर चालवत आणलं. आजही वस्तीतली कितीतरी घरं पेटवे आडनाव लावतात, नात्यातली आणि नात्याबाहेरचीही. १९४२ च्या सुमारास इथल्या मिझुरी पेटवे यांचा नवरा आठ महिने आजारी राहून गेला. त्या मुलीला म्हणाल्या, त्याचे कामाचे कपडे घेऊन मी गोधडी करणार आहे, त्याची आठवण म्हणून, आणि प्रेमानं ती पांघरून निजणार आहे. मुलगी अर्लोन्झिया तेव्हा सतरा-अठरा वर्षांची. पुढे म्हातारपणी तिनं सांगितलं की विजारीचे पाय खाली अरुंद आणि वर रुंद असतात, म्हणून आईनं मला वरचा भाग कापून सारख्या पट्ट्या करायला लावलं होतं. शोकाच्या आठवणीत हा तपशील टिकून राहिला, यात मला नवल वाटत नाही. हातानं केलेलं विसरत नाही.

विजारीची गोधडी करणं सोपं नसतं. पाय दोन्ही शिवणींवर उसवून पसरला की त्याचा वर रुंद आणि खाली निमुळता तुकडा होतो. त्यातून सरळ पट्टी काढायची तर एक तरी कड उरेब येते, धाग्याला तिरकी, आणि उरेब कड हातात घेतली की ताणते. ती सरळ कडेला जोडताना ओढली तर जोड लाटेसारखा वरखाली होतो. म्हणून टाका घालताना उरेब बाजू मोकळी सोडायची, ताण सरळ बाजूवर ठेवायचा. डेनिमच्या शिवणी उघडून दोन्हीकडे पाडाव्या लागतात. एकाच बाजूला दाबल्या तर चार तुकडे मिळतात तिथं आठ-आठ थर होतात आणि सुई मोडते. गुडघे पांढुरके पडलेले, मांड्या फिकट निळ्या, आणि खिसा उसवला की खाली ऊन न लागलेला गडद निळा चौकोन. अशा गोधड्यांतले रंग कुणी निवडलेले नसतात, ते त्या माणसानं नांगरामागे घालवलेल्या वर्षांचे असतात. कुठला तुकडा कुठं ठेवायचा हे मात्र बाई ठरवते. मिझुरीबाईंनी आठवणीसाठी सगळे कपडे वापरले, गोधडीपुरतेच निघाले.

या वस्तीतली सगळ्यांत आवडती मांडणी म्हणजे 'हाउसटॉप'. मध्ये चार-सहा इंचांचा एक तुकडा, त्याच्या चारी बाजूंनी पट्टी, तिच्याभोवती पुढची पट्टी, असं बाहेर बाहेर वाढत जायचं. पट्टी कडेपेक्षा लांब कापली आणि जास्तीचं कापड जिरवत शिवत गेलं तर कडा झालरीसारख्या फुगतात; आखूड कापून ओढत जोडली तर मधला भाग पोटासारखा वर येतो आणि गोधडी कधीच जमिनीवर सपाट पडत नाही. शिवणाच्या वर्गात यावर उपाय शिकवतात तो असा की कडेचं माप घ्यायचं नाही, मधोमध आडवं माप घ्यायचं आणि पट्टी तेवढीच कापायची. गीज बेंडच्या बायका मोजपट्टी क्वचितच घेत. कापड त्या बहुधा फाडत, कारण फाडलेलं कापड धाग्याबरोबर सरळ जातं. आणि जिथं चूक दिसे तिथं तिरका तुकडा घालून किंवा कड कापून पुढे जात. त्यामुळे रेषा कलतात, चौकोन एका अंगाला झुकतो. त्या झुकण्यात एक चाल असते, पुढच्या पट्टीनं ती उचलायची असते. एकदा चुकलेलं पुन्हा उसवून सरळ करण्यापेक्षा चुकलेल्याला उत्तर देत जाणं, हे त्यांच्या कामाचं वळण आहे. त्यांच्या देवळातल्या गाण्याचंही ते तसंच आहे: एकानं ओळ सुरू करायची, बाकीच्यांनी ती आपापल्या परीनं लांबवत उचलायची. १९४१ साली रॉबर्ट सोन्किन यांनी इथली गाणी आणि प्रार्थना ध्वनिमुद्रित केल्या, त्या अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयात आहेत.

वरचा थर झाला की आतला कापूस. जिनिंगच्या जमिनीवर उरलेला, पानांचा चुरा आणि सरकीचे तुकडे असलेला कापूस बायका काठ्यांनी झोडपून मोकळा करत आणि अस्तरावर पसरत. असा आखूड धाग्याचा कापूस धुतला की सरकतो, कोपऱ्यात गोळा होतो, मधे नुसती दोन कापडं उरतात. म्हणून टाक्यांच्या ओळींत दोन इंचांहून जास्त अंतर ठेवून चालत नाही. छताला टांगलेली लाकडी चौकट खाली सोडायची, गोधडी तिच्यावर ताणायची आणि चारी बाजूंनी बायकांनी बसायचं. कोपर चौकटीवर टेकवून हात फिरवला की जेवढी कमान होते, तेवढीच टाक्यांची कमान. आत अजून एक, अजून एक. वेगळं मापन नको. बक्षिसाच्या गोधड्यांवर इंचाला दहा-बारा टाके मोजतात, इथले टाके मोठे असत, कारण घरात सहा-आठ मुलं आणि भिंतींच्या फटींतून येणारा वारा. भिंतींना वर्तमानपत्रं खळीनं चिकटवलेली असत. फाटून गेलेली गोधडी शेवटी अंगणात जाळत, धुरानं डास जावेत म्हणून. आणि चौकटीभोवती बसून प्रार्थना चाले, मोठ्यानं, नावं घेऊन: अमक्याचा ताप उतरू दे, तमकीचा मुलगा सुखरूप येऊ दे. टाका घालणारे हात थांबत नसत. अध्यात्म हा शब्द फार जड आहे या कामासाठी, पण दुसरं काही म्हणताही येत नाही.

तरी सगळ्यांना हे आवडत होतं असं समजू नये. लोरेटा पेटवे यांच्या हातच्या गोधड्या आज सर्वोत्तमांत मोजल्या जातात, आणि मला शिवायला आवडत नव्हतं, करायचंच नव्हतं, असं त्यांनी सरळ सांगितलेलं आहे. काम डोक्यावर, मुलं लहान, मदतीला कुणी नाही, आणि थंडी दारात, म्हणून शिवल्या. हे वाक्य कलेच्या चर्चेत कुणी फारसं उद्धृत करत नाही. ते करायला हवं. सृजनाचा आनंद वगैरे म्हणताना आपण गरिबीला फार लवकर माफ करून टाकतो.

पुढचा इतिहास थोडक्यात. मतदार म्हणून नाव नोंदवणाऱ्या कृष्णवर्णीय शेतकऱ्यांना खंडाच्या जमिनींवरून हाकललं जात होतं. नदीपलीकडच्या कॅम्डनला, जिथं नोंदणी होई, नेणारी फेरीबोट १९६२ साली बंद झाली ती २००६ पर्यंत सुरू झाली नाही. १९६५ च्या फेब्रुवारीत मार्टिन ल्यूथर किंग इथं येऊन बोलले. १९६६ साली गीज बेंड ज्यात येतं त्या विलकॉक्स परगण्यातल्या बायकांनी फ्रीडम क्विल्टिंग बी ही सहकारी संस्था उभी केली, न्यूयॉर्कला लिलाव झाले, मोठ्या दुकानांच्या ऑर्डरी आल्या. हातात स्वतःचा पैसा आला, जमीनमालकाच्या मर्जीवर नसलेला. पण दुकानाला शंभर गोधड्या हव्या असत त्या एकसारख्या: ठरलेलं माप, ठरलेली नक्षी, ठरलेला टाका. आपल्या मनानं कललेली रेषा तिथं नापास. १९७२ पासून सिअर्स कंपनीसाठी कॉर्डरॉयची उश्यांची कव्हरं शिवली जाऊ लागली. कॉर्डरॉय हट्टी कापड: त्याला लव असते, एका दिशेनं हात फिरवला तर गडद आणि उलट दिशेनं फिकट दिसतं, आणि दोन तुकडे समोरासमोर ठेवून शिवले की एकमेकांवरून सरकतात, म्हणून आधी कच्ची शिवण घालावी लागते. कव्हरांसाठी सगळ्या तुकड्यांची लव एकाच दिशेला हवी. उरलेल्या पट्ट्या घरी आल्या आणि तिथं त्याच बायकांनी लव मुद्दाम उलटसुलट लावून एकाच सोनेरी रंगातून दोन रंग काढले. दिवसा कंपनीची शिस्त, रात्री स्वतःची. त्या कॉर्डरॉयच्या गोधड्या बघितल्या की मला काही कारण नसताना आनंद होतो.

२००२ साली या गोधड्या ह्यूस्टनच्या ललितकला संग्रहालयाच्या आणि मग न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाच्या भिंतींवर लागल्या. समीक्षकांनी त्यांची तुलना युरोपातल्या आधुनिक चित्रकारांशी केली आणि ती कौतुकानंच केली. २००६ साली टपाल तिकिटं निघाली, दहा वेगवेगळी. नंतर पैशांवरून आणि हक्कांवरून काही शिवणाऱ्या बायकांनी दावे लावले, ते २००८ मध्ये मिटले. भिंतीवर उभी टांगली की गोधडीचा आकार दिसतो, उबेचा आणि वासाचा भाग मात्र जातो, आणि नकळत एक गोष्ट बदलते: बोलणारा बदलतो. म्हणून फेथ रिंगगोल्ड यांनी जे केलं ते मला फार पटतं. न्यूयॉर्कमधल्या हार्लेम या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत वाढलेल्या या चित्रकर्तीला आपलं आत्मचरित्र छापायला प्रकाशक मिळेना, तेव्हा त्यांनी मजकूर गोधडीवरच लिहायला सुरुवात केली. त्यांच्या पणजीची आई गुलामीत गोधड्या शिवत असे. आता कापड आणि त्याचा खुलासा वेगळे करताच येत नाहीत.

हार्लेममधल्याच शॉम्बर्ग या कृष्णवर्णीय संस्कृतीच्या अभ्यासकेंद्रात २०११ साली आणखी एक प्रदर्शन झालं, आणि ते आपल्या अगदी उंबऱ्यावरचं होतं. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड भागातल्या सिद्दी बायकांच्या कवंदी, म्हणजे ठिगळांच्या गोधड्या, तिथं लावल्या होत्या. मराठी माणसाला सिद्दी म्हटलं की जंजिरा आठवतो, आरमार आणि तोफा. या बायकांचे पूर्वज वेगळ्या वाटेनं आले; त्यांतले बरेच पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून गोव्यात गुलाम म्हणून आणलेले आणि तिथून पळून घाट चढून जंगलात शिरलेले. आज त्यांच्यात हिंदू आहेत, मुसलमान आहेत, ख्रिस्ती आहेत, आणि त्या बोलतात ती कोकणीच्या वळणाची बोली, मराठी-कानडी मिसळलेली. त्यांच्या बोलण्यातलं बरंचसं आपल्याला दुभाष्याशिवाय कळेल. इतक्या जवळच्या कारागिरीची नोंद आधी हार्लेमला व्हावी, याची मला खंत वाटते.

कवंद करायची रीत आपल्या वाकळीच्या जवळची आहे आणि गीज बेंडच्या नेमकी उलट. हाउसटॉप मधून बाहेर वाढतं. कवंद कडेकडून आत येते. खाली जुनी साडी पसरायची, कड आत दुमडायची, एका कोपऱ्यापासून ठिगळं लावत धावदोरा घालत कडेनं जायचं, चौथा कोपरा झाला की आतली फेरी, मग तिच्या आतली. वरचा थर आणि शिवण एकाच वेळी होतात, चौकट लागत नाही, जमिनीवर बसून एकटीनं होतं. अडचण अशी की खालच्या साडीतली सगळी ढिलाई फेरीफेरीनं मध्यभागी ढकलली जाते. दर दोन-तीन ओळींनी तळहातानं ती बाहेर सारली नाही तर शेवटी मधोमध फुगा येतो, आणि तिथं चुणी घालण्यापलीकडे उपाय राहत नाही. शेवटचं ठिगळ चारी बाजूंनी दुमडून बसवायचं असतं, ते बसलं की हात चांगला म्हणायचा. कॅथलिक बायका ठिगळांतून क्रूस काढतात, मुसलमान बायका कधी चंद्रकोर. आणि सगळ्याजणी, धर्म कुठलाही असो, चारी कोपऱ्यांत कापडाची चौकोनी घडी त्रिकोणी दुमडून फुलं बसवतात. फुलं नसलेली कवंद त्यांच्या लेखी नागडी. त्या फुलांचा ऊब देण्याशी काही संबंध नाही, त्यांना वेळ आणि कापड दोन्ही लागतं, तरी ती हवीतच.

आता जुन्या सुती साड्या मिळेनाशा झाल्या आहेत. सिंथेटिक साडीचं अस्तर घामाला चिकटतं, सुईखाली निसटतं, आणि वर सुती ठिगळ असेल तर पहिल्या धुण्यात ठिगळ आटतं, अस्तर आटत नाही, सगळी कवंद सुरकुतते. सुती कापड आधी गरम पाण्यात बुचकळून वाळवून घेतलं तर हे बरंच टळतं. विकत घेणाऱ्यांना मऊ आणि चकचकीत हवं असतं, त्यामुळे नव्या कापडाचे ताग्यांतून कापलेले तुकडेही येऊ लागले आहेत. बाईच्या हातात पैसे पडत असतील तर मी त्याला नाव ठेवणार नाही.

पण जुनी कवंद, जुनी वाकळ घरात असेल, आणि शिवणारी अजून बोलती असेल, तर एक काम आत्ताच करण्यासारखं आहे. जगभरच्या संग्रहालयांत गोधड्यांच्या पाटीवर 'करणारी अज्ञात' लिहिलेलं असतं, कारण कुणी वेळेवर विचारलं नाही. गोधडी तिच्यासमोर पसरावी आणि एकेका ठिगळावर बोट ठेवून विचारावं: हे कुणाचं, कधीचं, इथंच का लावलं. ती सांगेल ते तिच्याच शब्दांत वहीत उतरवावं, सुधारून लिहू नये. मग तीन बाय पाच इंचांची पांढरी सुती पट्टी धुऊन इस्त्री करून घ्यावी, कापडावरच्या पक्क्या शाईनं तिचं पूर्ण नाव, गाव, वर्ष आणि वही कुठे आहे ते लिहावं, शाई वाळल्यावर पुन्हा एकदा गरम इस्त्री फिरवावी. कडा पाव इंच दुमडून पट्टी मागच्या बाजूला खालच्या कोपऱ्यात लावावी. डिंक किंवा चिकटपट्टी नको, ती कालांतरानं पिवळी पडते आणि कापड खाते. टाके फक्त अस्तराला घालावेत. सुई वरच्या थरापर्यंत जाऊ देऊ नये, तिथले टाके तिचे आहेत.